धुरीगढच्या राजाचं कपाळ

आश्विन १४, विक्रम संवत २०६५. घटस्थापना. सकाळी.

वहीची माफी मागतो. ज्येष्ठात काठमांडूच्या महाराजांनी राजवाडा सोडला, तेव्हापासून एक ओळ लिहिली नाही. मन नव्हतं. शिवाय चष्म्याची दांडी मोडली होती. आजपासून रोज लिहिणार.

त्यांचं गेलं म्हणून माझं जात नाही. धुरीगढचं राज्य त्यांच्याहून जुनं आहे. बावीस गावं आहेत. माझ्या राज्याभिषेकामुळे शाळा पाचवीत सुटली, पण एवढा इतिहास मला येतो.

दशमीला प्रजा माझ्या हातचा टीका, दही-तांदळाचा लाल टिळा, घ्यायला येईल. बाराशे माणसं धरली आहेत. मागच्या वर्षी साठच आली, कारण दरड कोसळली होती. राणी म्हणाली, दरड त्याच्या आधीच्या वर्षी. मी वाद घातला नाही.

देवघरात जमऱ्यासाठी चाळीस पाट्यांत जव पेरले. अंधारात पिवळे, नाजूक कोंब येतील. टीक्याबरोबर प्रत्येकाच्या कानावर एक जुडी खोवायची. पाणी मीच घालणार. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.

आश्विन १५.

रेडिओ ऐकला. अमेरिकेत बँका बुडताहेत. तिथे राजा नाही, दुसरं काय होणार. आता जगाला राजांची आठवण येईल. राणीला हे समजावलं. ती म्हणाली, बँक बुडो नाहीतर तरो, चाळीस पाट्यांना जागा करायला माझी लोणच्याची बरणी कुठे नेऊन ठेवलीत ते सांगा.

पाट्यांना तीनदा पाणी घातलं.

आश्विन १७.

शाळेचा मास्तर हर्क रोकाया आला. पूर्वी माओवाद्यांबरोबर जंगलात बंदूक घेऊन फिरायचा, आता गावाचा पुढारी आहे. आठ वर्षांचा असताना याच अंगणात मला 'सरकार' म्हणत वाकायचा. आज उभ्यानेच 'बा' म्हणाला. कुणाचा बा?

सांगत होता की यंदा टीका शाळेच्या मैदानावर होणार. सगळ्या जातींची माणसं एका रांगेत उभी राहतील आणि गावातलं सगळ्यात वयस्कर माणूस टीका लावेल. मी मान हलवली. तो गेल्यावर हिशेब लागला. मला शहात्तर पूर्ण झाली. म्हणजे आमंत्रणच होतं. सरळ मागायची लाज वाटली असेल त्याला.

जायचं नाही असं ठरवलं.

आश्विन १८.

जायचं ठरवलं. प्रजा चुकली तरी राजाने मोठं मन ठेवावं. स्वीकृतीचं भाषण लिहिलं, दोन पानं. मास्तरचं नाव त्यात एकदाच आहे, तेही शेवटी. खुर्ची इथूनच न्यावी लागेल, शाळेच्या खुर्च्या हलतात.

कोंब बोटभर आले. रात्रीही उठून पाणी घातलं.

आश्विन २०. फूलपाती, सप्तमी.

ते वयस्कर माणूस मी नव्हे. दिदी आहे.

माझी थोरली बहीण दिव्यकुमारी, एक्क्याऐंशीची. वर डोंगराच्या धारेवर एकटी राहते. मास्तरने परवाच तिचा होकार घेतलाय. आमच्या पंडितालाही हे ठाऊक होतं. बातमी मला राणीकडून कळली, राणीला पाणवठ्यावर.

दिदीशी एकोणतीस वर्षं बोललो नाही. चूक तिची. आमच्या घरात राजाच्या कपाळाला पंडिताशिवाय कुणाचं बोट लागत नाही, मग ती सख्खी बहीण असली तरी. तिहारला, म्हणजे दिवाळीत, भाऊबीजेचा भाईटीकाही ती माझ्या तलवारीला लावायची. तलवार पाटावर, मी शेजारच्या खोलीत सेलरोटी खात. छत्तीस सालच्या दशैंला, म्हणजे दसऱ्याला, ती भर दरबारात म्हणाली की ज्याला पाठुंगळी घेऊन मी नदी ओलांडली, त्याच्यापुढे मी वाकत नाही, आणि तलवारीला भाऊ म्हणून म्हणून कंटाळले. मी तिला राजवाड्याबाहेर जायला सांगितलं. ती गेली. परत येईल असं वाटलं होतं.

भाषण फाडलं. टीका इथेच होणार. बघू कुणाची रांग लांब होते.

आश्विन २१. अष्टमी. संध्याकाळी.

रेडिओवर सांगितलं की सरकारने छोट्या राजांची पदंही रद्द केली. बॅटरी उतरली आहे, आवाज नीट येत नव्हता. राणी म्हणाली, तिला स्वच्छ ऐकू आलं. तिला एरवी काही ऐकू येत नाही.

आश्विन २२. नवमी.

बॅटरी बदलली. तेच सांगताहेत.

जमरा सडला. चाळीसही पाट्या. बुरशी आलीय, वास येतोय. राणी म्हणाली, बुडवून मारलात. जव खराब होते हे उघड आहे.

हरकत नाही. टीका मुख्य. एक पोतं तांदूळ आणि पाच घागरी दही कालवलं, लाल अबीर घालून रंगवलं. आशीर्वादाचा मंत्र पाठ आहे, मधल्या दोन ओळी सोडून.

आश्विन २३. दशमी.

१०.५१. मुहूर्त. गादीवर बसलो आहे. आधी पंडित मला टीका लावणार. त्याशिवाय मला दुसऱ्याला लावता येत नाही.

११.३०. पंडिताचा निरोप आला. पोट बिघडलंय.

१२.१५. खालून शाळेतून पंडिताचा आवाज येतोय. मंत्र म्हणतोय, खणखणीत.

१.००. राणी 'नुसतं बघून येते' म्हणून खाली गेली.

२.४०. राणी आली. कपाळभर टीका, कानावर जमरा. तिने आपण होऊन सांगितलं की रांग पिंपळापर्यंत होती.

३.१५. कोंबड्या टीक्यात शिरल्या. सगळ्यांच्या चोची लाल. हाकललं नाही. कुणीतरी आलं.

संध्याकाळी.

दिदी आली. काठी टेकत, एका बाजूने मास्तरने धरलेलं. तिचं घर वर, माझं खाली आडवाटेला, आणि गुडघे गेलेले. मी विचारलं की काय काम आहे. मास्तर म्हणाला, बा, सगळ्या गावाला टीका लावून झाला, एक कपाळ राहिलंय म्हणून दिदी ऐकेनात. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, मी पाहिलं.

मी रिवाज सांगितला. सात पिढ्या सांगितल्या. दिदीने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली,

"परवापासून तुझं कपाळ साधं झालंय. वाकव."

वाकलो. ती बुटकी आहे म्हणून वाकावं लागलं. दही गार होतं, थोडं नाकावर ओघळलं. कानावर तिच्या पाटीतला जमरा खोवला, छान पिवळा. मंत्रबिंत काही नाही. दीर्घायुषी हो म्हणाली, आणि अंगणातल्या उताराला पायऱ्या कर, मेले असते मी येताना. हातात दक्षिणेची दहाची नोट ठेवली. नवी. तिच्यावर राजाच्या चित्राच्या जागी डोंगर.

मला सरळ होता येईना. कंबर धरली होती. मास्तरने हात दिला. हे कुठे सांगू नये असं त्याला बजावलं.

यावरून मी काही मान्य केलं असं होत नाही. वयाने धाकटा आहे, तेवढंच.

अंधार पडायला आला. ती अजून चढावरच असेल. धारेवर दिवा दिसत नाही. चारदा बाहेर जाऊन पाहिलं. पंडित आता औषध मागायला आलाय, पोट खरंच बिघडलं. त्याचं घर वरच आहे, त्याच्या हाती चिठ्ठी देतो. 'कळवावे असा हुकूम आहे' ही पहिली ओळ खोडली. आता अशी आहे:

दिदी, लिहायला एकोणतीस वर्षं उशीर झाला, माफ कर. पायऱ्या करतो. पोहोचलीस की दिवा लाव, नाहीतर लगेच निरोप धाड. मी अंगणातच उभा आहे.