चौथे कलम

ता. ३ फेब्रु., अकोला
नागपूरच्या कायदे-कौन्सिलात निवडून येऊन वर्ष होत आले, तरी तिथल्या प्रश्नोत्तरांचे नवल संपत नाही. कोर्टात साक्षीदाराला घाम फुटतो. कौन्सिलात सरकार छापील कागद हाती देते नि खाली बसते.
सकाळी तुळसाबाई माळीण आली. वांग्यांची टोपली दाराशी ठेवून उभ्याउभ्याच सुरू : "वकीलसाहेब, माह्या मळ्यातून रस्ता काढून राहिले. पान्याची हीर बी जाते. मी कोनाले हो म्हनलं, येवढंच इचारा." विचारतो म्हटले. खरे तर मलाही कुतूहल.

ता. १९, नागपूर
प्रश्न लागला. उत्तर दीड ओळ : मालकिणीने संमती लिहून दिली आहे. पुरवणी प्रश्न टाकला, कोणासमक्ष? सरकारी बाकावरचे गृहस्थ कागद चाळून म्हणाले, "प्रश्न विचारणाऱ्या सन्माननीय सभासदांच्याच."
सभागृह हसले. मीही हसलो. काय करणार!

ता. २१, अकोला
जठारपेठेत घरी जुनी दप्तरे उपसली. नक्कल सापडली. तुळसाबाईच्या मळ्याच्या मोजणीचा सहा वर्षांपूर्वीचा अर्ज, कचेरीच्या छापील नमुन्यावर. चौथ्या कलमात रस्त्यापुरती जमीन सोडल्याची कबुली. खाली तिचा अंगठा, त्याखाली माझ्या अक्षरात "वाचून दाखविले, समजले, कबूल" नि सही. ही ओळ आम्ही वकील श्रीगणेशायनमःसारखी लिहितो.
वाचले होते का? आठवेना. चौथे कलम तर आज पहिल्यांदाच वाचतोय असे...

ता. २२
मळ्यावर गेलो. तुळसाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. स्पष्टच विचारले.
"नाई वाचलं. तुमी कोर्टाच्या घाईत होते. काय लिवलं, इचारलं त म्हनले, मोजनीचं हाये, लाव अंगठा."
"मग तेव्हाच का नाही बोललीस?"
"कावून बोलू? तुमी लिवलं म्हंजे बरोबरच असन."
राग नव्हता तिला. त्याचीच जास्त लाज वाटली.

ता. २४
स्वतःच्या हाताने जबानी लिहिली : वाचून दाखविले नव्हते. सनद जाऊ शकते, कौन्सिलची जागाही. घरी बायकोला अजून सांगितले नाही.
साक्षीला तुळसाबाईला बोलावले, अंगठ्यासाठी शाईची गादी पुढे केली. तिने हात मागे घेतला. "आंधी वाचून दाखवा."
वाचले. "आखीन एकडाव." पुन्हा वाचले.
"यानं तुमची वकिली जाईन?"
"जाऊ शकते."
तिने पदराला अंगठा पुसला. मग अंगठा उठवला नि गादी माझ्याकडे सरकवली. "तुमीबी अंगठाच लावा. सही त त्या कागदावरबी होती."
लावला.

ता. २५, गाडीत
कौन्सिलापुढे कबूल करायला नागपूरला निघालो. जबानी कोटाच्या खिशात. सकाळपासून चारदा वाचली, चूक एक नाही. अंगठ्याची शाई साबणाने जात नाही.
बडनेऱ्याला अमरावतीचे एक वकीलमित्र डब्यात चढले. "हाताला काय लागलं हो?"
हात खिशात घातला. तिथे कागद.