चाकावरची पांढरी खूण

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
मेहुण्याच्या होडीची मोटार आज जोडून पूर्ण. पाच महिने लागले. घाई असणाऱ्यांनी मोटार उघडूच नये. आता फक्त टायमिंग. पिस्टन अगदी वर पोचायच्या वीस अंश आधी ठिणगी पडली पाहिजे. धक्क्यावरचा मेकॅनिक हे अंदाजाने करतो. मी कोनमापक वापरणार.
मेहुणा सध्या वल्ही मारून माणसं पलीकडे सोडतो. उजवा खांदा धरलाय. गोदामात वॉचमनची जागा आहे, पंधरा तारखेपर्यंत कळवायचंय म्हणाला. गोदाम विसर, असं सांगितलं.

४ नोव्हेंबर
मोटारीच्या डोक्यावरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. त्यावरची मूळ खूण गंजाने खाल्लेली. नवी केली. वरचा ताजा रंग खरचटू नये म्हणून चाक हिच्या शिलाईच्या टेबलावर, चादरीची घडी घालून, पालथं ठेवलं. शून्यापासून, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेपासून, डावीकडे वीस अंश. तीनदा मोजले. केसाएवढी पांढरी रेघ.
ही ब्लाउज बेतत होती. म्हणाली, अहो, पालथ्यावर खूण केली की डावी बाही उजवी होते. लोखंडाला बाह्या नसतात, हे हिला शांतपणे समजावलं.

६ नोव्हेंबर
ठिणगी नव्या खुणेवर जुळवली. टायमिंग लाइट लावून तपासणी. मेहुण्याने दोरी ओढायची, मी बघायचं. दर ठिणगीला दिवा चमकतो आणि खूण मोटारीवरच्या बाणासमोर थांबल्यासारखी दिसते. माझी खूण बाणाच्या टोकावर. अडतीस वेळा ओढायला लावलं. एकदाही हलली नाही. एकोणचाळिसाव्याला मेहुणा म्हणाला, भावोजी, बास, हात वर जात नाही.
व्यायाम कमी पडतो त्याला.

८ नोव्हेंबर
पाण्याच्या पिंपात सुरू करून पाहिली. होत नाही. दोरी हातातून हिसकून परत जाते. कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उत्तम असल्याचं लक्षण.
मेकॅनिक वाकून बघून गेला. इंजिनीअर साहेब, एकदा खूण बघा म्हणाला. ज्याच्याकडे साधा कोनमापक नाही, त्याने मला खूण शिकवावी.
संकल्प: पेट्रोल बदलणे. मेकॅनिकशी न बोलणे.

१२ नोव्हेंबर
पेट्रोल बदललं. प्लग बदलले. दोरीही बदलली. मेहुणा विचारत होता, काय कळवू? चौदाला नदीत उतरवू, असं ठणकावून सांगितलं.

१४ नोव्हेंबर, दुपारी ४
मोटार सुरू झाली. तिसऱ्या झटक्यात. हे आधी लिहून ठेवतो.
गिअर पुढचा टाकला, होडी मागे गेली. मोटार चालली हे महत्त्वाचं. दिशा हा तपशील. मागचा गिअर टाकायला लावला, होडी नीट पुढे गेली. काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.
मधोमध पोचल्यावर धूर. मग करकर. मग काहीच नाही. पिस्टन चिकटला.
मेहुण्याने फळीखालून वल्ही काढली. म्हणजे बरोबर घेऊनच आला होता. एवढा अविश्वास. एका हाताने वल्हवत आणलं. वाटेत मी वाऱ्याविषयी बोललो.
मेकॅनिक धक्क्यावर उभा. म्हणाला, साहेब, मोटार उलटी फिरली तर पाण्याचा पंपही उलटाच फिरणार. गार कशी राहील? खूण शून्याच्या चुकीच्या बाजूला आहे.
वीस अंश मात्र बरोबर आहेत. हे त्यालाही मान्य करावं लागलं.

१५ नोव्हेंबर
मेहुण्याने कळवलं.

१८ नोव्हेंबर
ही त्याचा वॉचमनचा शर्ट बेततेय. कापड सरकू नये म्हणून त्यावर फ्लायव्हील ठेवलंय. मी ते पालथं करून पाहिलं. सुलट केलं. पुन्हा पालथं केलं. ही म्हणाली, कापड चुरगळतंय.
मेहुणा आला होता. खांद्याला आता आराम पडेल म्हणाला. खांद्याचं माप घ्यायला मी पुढे झालो. साडेसतरा इंच. तीनदा मोजलं.
हिने टेप माझ्या हातून घेतली आणि पुन्हा मोजलं.