रोल नंबर सत्तेचाळीस

बमरोली, सुरत
शुक्रवार, ५ जुलै १९९६

प्रिय जयश्री,

हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही, म्हणून आधीच सांगतो, ते माझं आहे. आतापर्यंतची पत्रं माझा दोस्त लोटू लिहायचा. मी सांगायचो, तो लिहायचा, आणि कंटाळा आला की "बाकी सर्व ठीक" लिहून पाकीट चिकटवून टाकायचा. तू विचारलं होतंस ना, तुमची पत्रं दोन ओळींच्या पुढे का जात नाहीत, म्हणून. तर यावेळी मीच लिहितोय. बुधवारपासून रोज जेवणाच्या सुट्टीत खात्याच्या, म्हणजे आमच्या कारखान्याच्या, मागे बॉबिनच्या पेट्यांवर बसून थोडं थोडं लिहितो. चुका असतील. तू हसशील ते मला इथून दिसणार नाही, म्हणून हरकत नाही.

मुद्द्याचं पहिलं. तुझं नाव कॉलेजच्या दुसऱ्या यादीत लागलं. पहिलं वर्ष, आर्ट्स. रोल नंबर सत्तेचाळीस. पण नंबर अजून कच्चा आहे. शनिवारी तेरा तारखेला दुपारी साडेबारापर्यंत तू स्वतः येऊन, अस्सल दाखले दाखवून, विषयांचा कागद भरून सही केलीस तरच तो पक्का. नाहीतर खालच्या यादीतल्या मुलीला देणार. आज पाच तारीख. पत्र तुला मंगळवारपर्यंत मिळावं.

जूनमध्ये मी घरी फॉर्म घेऊन आलो होतो, तू ओट्यावर बसून तो भरलास, एकही खाडाखोड न करता. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी शर्टात घालून दोंडाईच्याहून पॅसेंजरमध्ये बसलो आणि सुरतपर्यंत शर्टाचं वरचं बटण उघडलं नाही. कॉलेजात गेलो तर तिथे एक नाही, पाच खिडक्या. एका खिडकीवर फॉर्म बघतात, दुसरीवर शिक्का, तिसरी म्हणते पहिलीवर जा. मी दोन तास ज्या रांगेत उभा होतो ती बी.कॉम.ची निघाली. शेवटी मगनभाई म्हणून एक कारकून आहेत, त्यांच्याकडे पोचलो. चष्मा कपाळावर ठेवून डोळे बारीक करून वाचतात. म्हणाले, मुलगी महाराष्ट्र बोर्डाची आहे, युनिव्हर्सिटीचा कागद लागेल. त्यासाठी दोन चकरा. त्यांनी विचारलं, नाव सासरचं लावायचं का. मी म्हटलं, मार्कशीटवर जे आहे तेच, मार्क त्या नावाने पडलेत. ते म्हणाले, बरोबर आहे, उद्या सर्टिफिकेटला भानगड नको. आबांना हे आत्ता सांगू नकोस, सून सासरचं नाव लावत नाही म्हणून घर डोक्यावर घेतील.

विषयांचा कागद मी घेऊन ठेवलाय. त्यावर अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, हिंदी अशी नावं आहेत. एक मुख्य घ्यायचा आणि दोन जोडीचे. मराठी आहे का विचारलं, ते म्हणाले, या कॉलेजात नाही. शिकवणं गुजरातीत चालणार, पण पेपर हिंदीत लिहिता येतो, ते मी दोनदा विचारून घेतलं. लीलावहिनीला, म्हणजे लोटूच्या बायकोला, कागद दाखवला तर ती म्हणाली, आणा इकडे, मी करते सही, जयश्री लिहायला काय लागतं. ती सातवी शिकलेली आहे, सही झोकात करते. पेन हातात घेतलंही होतं तिने. मी कागद काढून घेतला तर म्हणते, भाऊजी, तुम्हाला बायको आणायची आहे का बायकोची सही आणायची आहे. सगळी चाळ हसली. कोणता विषय घ्यायचा ते तुझं तू ठरव. लीलावहिनीने मानसशास्त्र सांगितलंय, म्हणजे घरातल्यांच्या मनातलं कळेल. तो विषय तसा नसतो, असं नंतर कळलं.

ते कसं कळलं ते सांगतो. तू चिडशील किंवा हसशील. एक तारखेला सोमवारी कॉलेज सुरू झालं. आता आमच्या खात्याची रीत तुला माहीत नाही. इथे माणूस तीन दिवस आला नाही की त्याचे सांचे, म्हणजे लूम, दुसऱ्याला देतात. म्हणून गावाला जाताना जो तो आपल्या जागी बदली उभा करून जातो. बदली उभा असेपर्यंत सांचे आपले. मला वाटलं, कॉलेजातही तसंच असणार. सत्तेचाळीस नंबरचा बाक सोमवारी रिकामा दिसला, मंगळवारी दिसला, की बुधवारी गेला. म्हणून मी माझ्या सांच्यांवर लोटूला बदली ठेवलं आणि तुझ्या बाकावर मी बदली गेलो. सकाळी साडेसातला, इस्त्रीचा शर्ट घालून, एक कोरी वही घेऊन.

सोमवारी कुणी हजेरी घेतली नाही. मंगळवारी समाजशास्त्राच्या बेन, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, आल्या आणि नंबर म्हणायला लागल्या. मी तयारच होतो. सुडतालीस, म्हणजे सत्तेचाळीस, म्हटल्याबरोबर मी हाजर म्हणालो. खात्यात शंभर सांचे धडधडत असतात, तिथे शेजारच्याला पाणी मागायचं तरी बोंब मारावी लागते. माझा आवाज तसाच निघाला. बेनच्या हातातलं पेन खाली पडलं. मागून एक पोरगा म्हणाला, लो, जयश्रीबेन आवी गया. वर्ग जो हसला, मला वाटलं आता पत्रे उडतात. बेननी विचारलं, तमारुं नाम जयश्री छे? मी उभा राहून हिंदीत सांगितलं, नहीं बेन, मैं उसकी बदली में आया हूँ.

त्या हसल्या नाहीत. बसा म्हणाल्या. तास झाल्यावर त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि मी सगळं सांगितलं, सांचे, तीन दिवस, लोटू, सगळं. त्या म्हणाल्या, भाई, इथे तुमच्या बाईचा बाक तेरा तारखेपर्यंत कुणी घेत नाही. पण तिच्याऐवजी दुसरं कुणी बसलेलंही चालत नाही. अहीं बदली नथी चालती. मग विचारलं, ती येणार ना? मी म्हटलं, येणार. त्या म्हणाल्या, मग आज आलाच आहात तर बसा मागे. मी तिन्ही तास बसलो. त्यातला एक मानसशास्त्राचा होता, त्यात घरातल्यांच्या मनातलं काही निघालं नाही. वर्गात लिंबायतच्या दोन पोरी आहेत, आपल्या खानदेशच्याच, घरी अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी तासाला जे लिहून घेतलं ते तुझ्यासाठी देते म्हणाल्या. मीही फळ्यावरचं जमेल तेवढं वहीत उतरवलंय. गुजराती अक्षराला वर रेघ नसते, एवढं सोडलं तर बरंचसं ओळखू येतं.

जयश्री, मी कुठे टिकत नाही, हे तू लग्नात ऐकलं असशील, कुणीतरी मुद्दाम ऐकवलं असेल. खरं आहे ते. हजीऱ्याला बांधकामावर होतो, पाच महिन्यांत सोडलं. पांडेसऱ्याला डाईंगमध्ये होतो, तिथे साहेबाशी वाजलं. प्लेगच्या साली सगळे पळाले तेव्हा मी सगळ्यात आधी गाडीत होतो. एका जागी बसलं की माझे पाय खाली आपोआप हलायला लागतात, आई चिडायची त्यावर. या आठवड्यात अकरा वर्षांनी बाकावर बसलो. मंगळवारच्या तीन तासांत पाय हलले, नाही असं नाही. पण उठावंसं वाटलं नाही. मी तिथे बसण्यासारखा नाही, ते मला चांगलं कळतं. पण तो बाक मोजून पाहिला, तू त्यावर नीट बसशील, शेजारी खिडकी आहे.

खोली मी एक तारखेपासून घेतलीय. आधी आम्ही सातजण एका खोलीत होतो. आता लोटूच्या शेजारची, लहान आहे पण दाराला आतून कडी आहे आणि नळ बाहेर पाच पावलांवर. स्टोव्ह आणला, दोन पातेली आणली. पोळपाट लीलावहिनी देणार. सकाळी साडेसात ते अकरा तुझं कॉलेज, बस भेस्तानकडून येते ती आपल्या नाक्यावर थांबते. मी त्या बसने चार वेळा जाऊन आलो, किती वेळ लागतो ते पाहायला. पोळ्या मला येतात. वाकड्या येतात.

आबांचं मला माहीत आहे. जूनमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, वहूले शिकाडीसन काय कलेक्टर करशी का. मी मान खाली घालून जेवत राहिलो, तू आत तव्यापाशी होतीस, तुला ते ऐकू गेलं आणि माझं गप्प बसणंही ऐकू गेलं. ते गप्प बसणं चुकलं. आता मी त्यांना वेगळं पत्र टाकलंय, तेही माझ्याच हाताने. त्यात लिहिलंय की जयश्रीला मी सुरतेला बोलावतोय, तिचं कॉलेज लागलंय, शुक्रवारच्या पॅसेंजरमध्ये तिला बसवून द्या. विनंती केलेली नाही, भांडणही केलेलं नाही. ते बोलतील. बोलू दे. बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि बोर्डाचं मायग्रेशन, हे तिन्ही अस्सल घे, झेरॉक्स चालत नाही. ट्रंकेत नको, अंगाशी ठेव. उधन्याला उतर, सुरतेला फार गर्दी असते. मी फलाटावर असेन.

आता बुधवारी तुझं पत्र आलं त्याबद्दल. तू लिहिलंस, माझं नाव काढून टाका, मला शिकायचं नाही. आणि खाली कारण लिहिलंस, तुम्ही दहावी आणि मी बी.ए. झाले तर लोक तुम्हाला हसतील, ते मला चालणार नाही. मी ते पाच वेळा वाचलं. हे पत्र मी त्याच्यासाठीच लिहायला बसलो आणि तीन दिवस इकडचं तिकडचं लिहीत राहिलो. तर ऐक. मी दहावी नाही. मी सहावीतून शाळा सोडली. कुणी सोडायला लावली नाही, मीच पळालो. लग्न ठरताना मामांनी तुझ्या वडिलांना दहावी सांगितलं आणि मी शेजारी बसून मान हलवली. फॉर्मवर पतीचं शिक्षण या रकान्यात तू दहावी पास लिहिलंस, तेव्हाही मी समोर बसलो होतो. पण खिडकीवर मगनभाई म्हणाले, यात एक गोष्ट खोटी निघाली तर प्रवेश रद्द होतो. तुझा नंबर माझ्या खोट्यापायी जायला नको, म्हणून मी तिथेच ते खोडलं, सहावी लिहिलं आणि बाजूला सही केली. तेरा तारखेला तो कागद तुझ्यासमोर उघडेल. तिथे परक्या माणसांत वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, आणि हे लोटूच्या हाताने लिहवून घेण्यासारखं नव्हतं. लोकांचं म्हणशील तर तू आजच माझ्या सहा वर्षं पुढे आहेस, त्यांना हसायचं ते हसून घेऊ दे. तुला राग आला असेल तर तो बरोबर आहे, येऊन काढ. पण नाव मी काढणार नाही. आणि काल दुपारी मगनभाईंना विचारून आलोय, नाव काढायचं असलं तरी अर्जावर सही तुझीच लागते, तीही त्यांच्यासमोर. म्हणजे शिकायचं असेल तरी तुला यावं लागतं, नसेल शिकायचं तरी यावं लागतं. पॅसेंजर शुक्रवारी दुपारी उधन्याला लागते.

तुझाच, सहावीपर्यंत शिकलेला,
योगराज