शेवटची अकरा मुलं

१६ जून, पलूस

शासनाने माझ्यावर अन्याय केला आहे आणि त्याची कुठेतरी नोंद व्हावी, म्हणून ही वही. शाळा तपासणी पथकाच्या गाडीत डॉक्टरची जागा मागे आहे, आणि ती उलट्या तोंडाची आहे. पुढे ड्रायव्हर हरिबा आणि त्याच्या शेजारी औषधांचा खोका. खोक्याला समोरची काच लाभते, मला नाही. त्यामुळे प्रत्येक गाव मला ते होऊन गेल्यावर दिसतं. पाहुणा उंबरा ओलांडून गेला की यजमानाचा चेहरा जसा सैल पडतो, तशी आज पाच गावं पाहिली. हरिबाकडे दाद मागितली. तो म्हणाला, आवं डॉक्टर, खोका मागं ठेवला तर बाटल्या फुटत्यात. डॉक्टर फुटल्याचं अजून कवा ऐकलं न्हाई.

बाकी सगळं उत्तम. दवाखाना बंद करून एकोणपन्नासाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी लागली, आणि साताऱ्यातलं कुणीही मला अडवलं नाही. बायको स्टँडवर सोडायला आली होती. गाडी हलायच्या आत परतली. इथे खोली स्वच्छ आहे, खिडकीतून द्राक्षबाग दिसते, घरमालक अंघोळीचं पाणी वेळेवर देतात. झोप छान लागेल असं दिसतं.

काम सोपं आहे. गावोगावच्या शाळांतली मुलं तपासायची. डोळे, दात, वजन हे नर्स दीपमाला पाहते. माझ्याकडे छाती. काही मुलांच्या हृदयात जन्मापासून भोक असतं, काहींची पोटात असतानाची एखादी नळी बंद व्हायची राहून जाते. मूल खेळतं, हसतं, जरा लवकर दमतं, एवढंच. ते शोधायचं, सांगलीला एकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवायचं. तिथून पुढे पुण्याला उपचार. घरच्यांना खर्च नाही. फक्त सगळ्यांच्या आधी कुणीतरी कान लावायला हवा. तो कान म्हणजे मी.

२० जून

एक सापडला! विश्वजीत, पहिली, एक दात पडलेला. एका मुलाला मी तीस सेकंद देतो. याच्यापाशी पाच मिनिटं थांबलो. लब आणि डबच्या मध्ये स्पष्ट फुसकारा, चाकाची हवा जावी तसा. आईला वाटायचं पोरगं आळशी आहे. मी म्हणालो, आळशी तुमचा नवरा असेल, हा नाही. ती आधी हसली, मग पदर तोंडाला लावला. दुपारीच सांगलीला पाठवला; एकोत भोक निघालं, बुजवता येण्यासारखं. रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दीपमाला म्हणते, ऐकताना डोळे मिटता ते भजनाला बसल्यासारखं दिसतं. मी म्हणालो, देव इथे जास्त वेळा भेटतो. असली वाक्यं मला सुचतात. त्यांचं पुढे काही होत नाही.

२ जुलै

दिवसाला सव्वाशे मुलं. प्रत्येकाचं कार्ड, प्रत्येक कार्डावर अकरा रकाने. हात दुखून आला. सांगलीला गेलो होतो तेव्हा शिक्का करून घेतला: ‘हृदय – नॉर्मल’. खाली माझं नाव. जांभळी शाई. दीपमालाला म्हणालो, शंभरातल्या नव्व्याण्णवांना हेच लिहायचं असतं. ती म्हणाली, मग शंभराव्याला काय करणार? मी म्हणालो, त्याच्यासाठी पेन आहे.

ती आदल्या दिवशीच कार्डांवर नावं लिहून ठेवते. मी आदल्या दिवशीच शिक्के मारून ठेवतो. तपासताना कुणाचं बिघडलेलं निघालं, तर खोडायचं. वेळ वाचतो.

९ जुलै

चिंचओढा. ओढा आहे, चिंच नाही. चौऱ्याहत्तर मुलं. मुख्याध्यापक नानासो गुरुजींनी जेवण ठेवलं होतं आणि त्रेसष्टावं मूल तपासून होताच येऊन सांगितलं की कढी गार व्हायला लागली. मी म्हणालो, अकरा राहिलीत. गुरुजी म्हणाले, आवं, टुणटुणीत हायती समदी, सकाळधरनं वरडत्यात. व्हरांड्यात रांग होती. मी तिकडे नीट पाहिलंही नाही. कार्डांवर शिक्के होतेच. दीपमालाला म्हणालो, वाटून टाक. तिने रांगेकडे पाहिलं, मग वाटली.

कढी चांगली होती.

१४ जुलै

आज एक गंमत. दुसऱ्या एका गावात, चौथीतली मुलगी. छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली, आवाज नाही. नळीचं तोंड फिरलं असेल म्हणून बोटाने टिचकी मारली, कानठळ्या बसल्या. पुन्हा छातीवर लावली. काही नाही. लब नाही, डब नाही, श्वासाची घरघरसुद्धा नाही. मुलगी हसत होती. गार लागतंय म्हणाली.

हरिबाची छाती ऐकली: ट्रॅक्टर. माझी ऐकली: ठीक. दीपमालाने तिच्या नळीने मुलीला ऐकलं. म्हणाली, छान आहे की, काय झालं? तिची नळी मागून घेतली. मला त्यातूनही काही नाही.

कार्डावर शिक्का होताच.

१५ जुलै

आज तीन मुलं गप्प.

१९ जुलै

आज सगळी. दोन वर्ग. समोर उभी राहतात, नाक ओढतात, एकमेकांना ढकलतात, आणि आत विहिरीत कान घातल्यासारखं. मोठ्या माणसांचं ऐकू येतं. शाळेच्या शिपायाचं, गुरुजींचं, खिचडी करणाऱ्या बाईंचं. मुलांचं नाही.

घाबरलो आहे का, ते तपासलं. नाही. जीभ भाजल्यावर जशी चव लागत नाही, तसं काहीतरी आहे.

दीपमालाला सांगितलं, कानात मळ आहे, तू ऐक, मी नुसता बसतो. तिने स्टूल पुढे ओढलं. मग ऐकायला लागली. तिलाही डोळे मिटावे लागतात.

२३ जुलै, सांगली

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. सगळ्या ऐकू आल्या. ते म्हणाले, विशीतल्या पोराचे कान आहेत तुमचे. मी म्हणालो, बाकीचं कधी मिळेल? ते हसले. विनोद करता येतो आहे. म्हणजे फारसं बिघडलेलं नसावं.

२८ जुलै

आज आवाज आला.

पहिलीतला मुलगा. आधी वाटलं, बाहेर पिठाची गिरणी चालू आहे. मग नळी उचलली, तर गिरणी बंद. ठेवली, तर चालू. लब आणि डब दोन्हीवरून सलग जाणारी घरघर, मध्ये श्वास न घेणारी. डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली. हा आवाज पुस्तकात आहे. हृदयाजवळची, जन्मानंतरही उघडी राहिलेली नळी. मांडीतून तार घालून आत झाकण बसवतात, छाती कापावी लागत नाही, चार दिवसांत मूल घरी. हजारांत एखाद्याला असते.

आज चाळीस मुलांना होती. चाळिसांत तीच घरघर, तोच वेग.

दीपमालाने चाळीसही ऐकली. चाळीसही नॉर्मल.

३० जुलै

वेग वाढला आहे. मिनिटाला एकशे तीस. आज पुन्हा सगळ्यांत, एकाच वेळी. एका छातीवरून दुसऱ्या छातीवर नळी नेली, तर ठोका मध्ये तुटत नाही; पुढचाच येतो.

म्हणजे हृदय एकच आहे. एकाच मुलाचं. ते मूल या रांगेत नाही.

मी कुणाचं ऐकलं नाही, हा हिशेब करायला बोटं पुरली नाहीत. एक जास्त झालं.

१ ऑगस्ट

तालुक्याच्या कार्यालयात विचारलं, चिंचओढ्याला पुन्हा जायचं आहे. साहेब म्हणाले, चिंचओढा झालंय. मी म्हणालो, नीट झालेलं नाही. त्यांनी कार्डांच्या कार्यालयीन प्रतींवरचे माझेच शिक्के मला दाखवले. पुढची फेरी जानेवारीत.

एकशे पन्नास. सोबत ताप असावा. ताप असला की असा धावतो. उघड्या नळीत जंतू बसले की ताप उतरत नाही. हेही पुस्तकात आहे.

दीपमालाला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, मीच वाटली ना कार्डं. उद्या मी येते.

२ ऑगस्ट

शनिवार, सकाळची शाळा. हरिबाने स्वतःची मोटरसायकल दिली, काही विचारलं नाही. चिंचओढा. दीपमालाने दहा जणांना ऐकलं. दहाही चांगली. मी ऐकलं: दहांतही गिरणी.

अकरावी मुलगी सुमैरा, इयत्ता तिसरी. नानासो गुरुजी म्हणाले, ती गेली की शाळा सोडून. बाप रमजान, गाड्यांची शिटं शिवतो, लोणंदला कारखान्यापाशी काम गावलं, बिऱ्हाड हलवलं. पोरगी लय गोड. पळायच्या खेळात तेवढी दमायची, मग पायरीवर बसून बाकीच्यांचे गुण मोजायची.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? गुरुजी म्हणाले, तुमी इच्यारलं न्हाई.

पत्ता नाही. फोन नंबर आहे. लागत नाही.

३ ऑगस्ट

रविवार. नऊ वेळा फोन लावला. बंद. लोणंद एवढंसं गाव. शिटं शिवणारे किती असतील? किर्लोस्करवाडीहून सकाळची गाडी होती. मी जायला हवं होतं.

मी कपडे धुतले. का, ते लिहिता येत नाही. वाळत घातले. दुपारी काढले. घड्या घातल्या.

४ ऑगस्ट

ड्युटी. रजा आधी मागावी लागते.

एकशे ऐंशी. मोजता येत नाही. दुसरीतला मुलगा समोर, नळी त्याच्या छातीवर, घरघर — मग अडखळली — मग पुन्हा — मग

बंद. अकरा वाजून वीस मिनिटं.

आणि लगेच, त्या मुलाचं स्वतःचं: लब-डब, लब-डब. त्याच्या मागच्याचं. त्याच्या मागचीचं. सगळ्यांचं येतंय. स्वच्छ. दीपमालाने विचारलं, येतंय? मी मान हलवली. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. मी नाही.

५ ऑगस्ट, लोणंद

पहिल्या गाडीने. तिसऱ्या दुकानात घर कळलं.

बाहेर चपला होत्या. खूप.

काल. सकाळी. अकरा वीसला, साताऱ्याला दवाखान्यात नेताना, रस्त्यावर.

रमजानने बसायला सतरंजी दिली. पाणी दिलं. मी कोण ते सांगितलं. तो उठून उभा राहिला, डॉक्टर घरी आले म्हणून. म्हणाला, तीन आठवडे ताप. इथल्या डॉक्टरनं पयलंच इच्यारलं, हार्टचं काय हाय का? मी तुमचं कार्ड म्होरं ठेवलं. त्यानं बगितलं आन तापाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरनं परवा छातीला नळी लावली आन सांगितलं, उद्याच साताऱ्याला न्या. म्हणाला, कार्ड कुणी दिलं?

त्याने कार्ड आणून दाखवलं. लॅमिनेट केलेलं. कोपरे गोल कापलेले. सरकारी कागद हाय, भिजू नाय म्हणून, म्हणाला. जांभळी शाई जराही पसरलेली नाही.

मी सांगितलं. की मी ऐकलंच नव्हतं. त्याने कार्ड बाहीने पुसलं. ओरडला असता तर —

पडद्याआडून तिची आई शमशाद बोलली. शाळेतनं आली तवा रुसली व्हती. वरचं बटण काढून रांगेत उभी व्हते म्हणाली, माझा नंबर आला आन डॉक्टर जेवायला गेला. समद्यांचं ऐकलं, माझं न्हाई. डॉक्टरवर माझा डाव ऱ्हायलाय, म्हणाली. म्या म्हटलं, देतील गं पुढच्या टायमाला.

मग आत कुणीतरी रडायला लागलं. ती नाही. 

५ ऑगस्ट, दुपार

रमजानला विचारलं, तिला कुठे ठेवलंय. तो चालायला लागला. कब्रस्तानाच्या फाटकापाशी थांबला. हाताने दाखवलं. ताजी माती, वर सब्ज्याची डहाळी, आकार लहान.

मी शेजारी बसलो आहे. वही मांडीवर. कुणी बघत असेल तर बघू दे.

नळी कानात. दुसरं टोक मातीवर. हाताने थोडी माती सारखी केली. गार आहे. तिला म्हणालो, गार लागेल हं.

घड्याळ लावलं. तीस सेकंद, सगळ्यांना देतो तेवढेच. डोळे मिटले नाहीत. लिहायचं आहे. या वेळी ऐकता ऐकता, हाताने.

नाव – सुमैरा रमजान. इयत्ता तिसरी.

दहा सेकंद. काही नाही. माती.

वीस. रमजान फाटकाशी आहे. पाठमोरा.

पंचवीस —

दात – पाहिले नाहीत. वजन – माहीत नाही. नाडी – थांब — थांब, मोजतो —

हृदय –