खाडीवरचा पूल

पांढुर्णा, गुरुवार, संध्याकाळ

आमच्या रश्मीची मुंबईतली मुलाखत आज हुकली. पोरीनं दोन महिने तयारी केली होती.

खाडीकाठच्या स्टेशनवर तिला मेट्रो बदलायची होती. मी तिथं कधी गेलो नाही. पण गाड्यांचं सारं मी माझं मीच शिकलो, गावात लोक मलाच विचारतात. नकाशावर पूल दिसला. आपल्याकडे इटारसी जंक्शनला गाडी बदलायची म्हणजे पूल चढायचाच. सांगून टाकलं, "बाहेर पड, पूल ओलांड." आता नकाशा मोठा करून पाहतो, तर तो पूल खाडीवरचा! दुसरी मेट्रो त्याच स्टेशनात, एक जिना खाली.

"मीच येडी जी बाबा," ती दुपारी फोनवर म्हणाली होती, "गर्दीत भलतीकडे चालत राहिली."

तिची आई म्हणाली, "मुंबईले इटारसी समजले का तुम्ही?"

मी चिडलो. पण तो पूल काही डोक्यातून जाईना. शेवटी पोरीला फोन केला. "बेटा, पूल मीच चुकीचा सांगितला."

"मालूम हाये जी. तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून बोलली नाही."

एवढा अवघड माणूस आहे का मी, की माझी चूक पोरीला स्वतःवर घ्यावी लागते?