वन्सं, तुम्ही खोलीचं विचारलं होतंत

तीर्थस्वरूप वन्संना,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण माझ्या खोलीत तेवढी लांब मोकळी फरशी नाही, म्हणून उभ्याउभ्याच हात जोडते. गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना कमी करा म्हटल्यापासून तुम्ही तो मुद्दाम जास्त चढता असं कानावर आलं. (कोणाकडून ते विचारू नका. विचाराल म्हणा, तुम्ही.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे कोणी आजारी नाही, एवढाच अर्थ घ्या.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, तुमची खोली कशी आहे?" आणि नेमका तेव्हाच फोन तुटला. हल्ली फोन असे ऐनवेळी तुटतात. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. कागद कपडे धुण्याच्या मशीनवर ठेवला आहे, तेव्हा मधेच अक्षर थरथरलं तर माझ्या वयाला बोल लावू नका, मशीन चालू झालं असं समजा. ते मशीन माझ्या खोलीत कसं, हाच या पत्राचा विषय आहे, पण तिथवर पोचायला मला सगळं शहर फिरून यावं लागेल.

मी इकडे परदेशी यायला निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, घर एवढ्यात भाड्याने देऊ नका, वर्षभर कुलूप लावून ठेवा. त्यावर मी जरा वरच्या पट्टीत सांगितलं होतं की तुमच्या भाच्याने मला स्वतंत्र खोली कबूल केली आहे, खिडकीसकट. (खिडकीसकट हे शब्द त्याचेच होते. मी माझ्या पदरचं काही घातलं नव्हतं.) घर दिलं. नवं लग्न झालेलं जोडपं आहे, करार होऊन बसला आहे, माझ्या खिडकीला त्यांनी फुलाफुलांचे पडदे लावलेत म्हणे. लावोत बिचारे.

आता राग येऊ देऊ नका, पण तुमच्या माहेरच्या घराण्यात कोणी कोणाला काही विचारत नाही. विचारलं की आपल्याला माहीत नव्हतं हे जगाला कळतं, आणि ते या मंडळींना सोसत नाही. तुमचे बंधू आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा मला घेऊन परगावी एका लग्नाला निघाले, तेव्हा कार्यालय कुठे आहे हे त्यांनी एकाही माणसाला विचारलं नाही. दुपारभर मी शालू नेसून त्यांच्या मागे चालत होते. शेवटी आम्ही एका कार्यालयात जेवलो, आहेर केला, आशीर्वाद दिले आणि घरी आल्यावर कळलं की नवरा-नवरी आपली नव्हती. तेव्हाही ते म्हणाले, जेवण चांगलं होतं. आणि मी मात्र जन्मभर सरकारी इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसले. अख्खं गाव मला विचारायचं, कुठल्या मजल्यावर, कुठल्या डॉक्टरकडे, भेटायची वेळ काय. घरी आलं की सगळे मुके. या घराण्यात अपवाद म्हणजे तुम्ही एकट्या. तुमच्या चौकशांनी मी किती वर्षं वैतागले होते ते आता सांगत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

तर घराची गोष्ट. परदेशातून आलेल्या कुटुंबाने इथे घर शोधायचं म्हणजे आधी शाळा शोधायची, आणि शाळासुद्धा साधी चालत नाही, आंतरराष्ट्रीय लागते. म्हणजे जिथे साऱ्या जगातली मुलं एकाच सुरात बोलायला शिकतात ती. आपली ठकू सहा वर्षांची. तिला कसली शाळा हवी हे मीच विचारलं, तर ती म्हणाली घसरगुंडीची. तिचं मत टिपून घ्यायला कोणी नव्हतं. चिरंजीवांनी ऑफिसातल्या चार जणांच्या बोलण्यावरून एक शाळा पक्की केली, नकाशावर तिच्या फाटकावर कंपासचं टोक ठेवून एक वर्तुळ काढलं, आणि सांगितलं की ठकू चालत शाळेत जाईल, तेव्हा घर या वर्तुळातच. वर्तुळ फार सुबक होतं. सूनबाईंनी त्याला रंग दिला. ठकूने त्यात घसरगुंडी काढली, ती खोडून काढण्यात आली.

घरं दाखवायला कंपनीने एक बाई नेमून दिली होती. मी तिला मनातल्या मनात वाहवाबाई म्हणते, कारण कुठलंही दार उघडलं की ती आधी स्वतःच वाहवा म्हणायची, मग आत बघायची. एका घरात तिने न्हाणीघरातल्या गळक्या नळालाही वाहवा म्हटलं. पायात उंच टाचा, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि माझ्याशी बोलताना आवाज एवढा मोठा की मी बहिरी आहे असं मलाच वाटू लागलं. (इंग्रजी मला कळतं. खिडकीत बसून तेवढं आलं. बोलत नाही, कारण कोणी बोलायला वाव देत नाही.)

वर्तुळातली वस्ती म्हणजे उंच उंच इमारती आणि त्यांत आमच्यासारखीच आलेली मंडळी. लिफ्टमध्ये भेटलेला प्रत्येक जण तुम्ही किती वर्षांसाठी आलात एवढंच विचारतो, जसं काही आपण सगळे इस्पितळातच भरती झालो आहोत आणि सुट्टी कधी मिळणार ते विचारतोय. खाली बाग आहे, तिच्यात गवतावर चालू नये अशी पाटी आहे. कॉफीच्या दुकानात सगळ्या आया व्यायामाचे कपडे घालून बसतात, व्यायाम करताना अजून एकही दिसली नाही. शाळेच्या फाटकातून गर्द लाल स्वेटरातली मुलं बाहेर पडत होती. एकेकाला मिसरूड फुटलेलं. मी आपलं मनात म्हटलं, इथल्या हवेत मुलं लवकर वाढतात वाटतं.

त्यानंतर एका दुपारी वाहवाबाईला भलतीकडची एक किल्ली परत घ्यायची होती, म्हणून ती आम्हालाही गाडीतून तिकडे घेऊन गेली. नदीपलीकडे, वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. वन्सं, त्या घरात मला माझी खोली दिसली. तळमजला, पुढे रस्ता, रस्त्यावर शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, भाजीवाली, आणि खोलीला अशी रुंद खिडकी की खाली कठड्यावर मांडी घालून बसावं. मी बसलेही. चिरंजीवांनी वाहवाबाईला काही विचारलं नाही, पण तेवढ्यात तिनेच आवाज खाली आणून, घराला वाळवी लागली आहे हे सांगावं तसं सांगितलं, "इथे मुख्यतः इथलेच लोक राहतात." झालं. सूनबाईंनी पर्स खांद्याला लावली. मी खिडकीतून बघत होते. समोरून बारकी बारकी पोरं चालली होती, पाठीवर त्यांच्याहून मोठी दप्तरं, आणि अंगात तेच गर्द लाल स्वेटर. मी म्हटलं, अरे, ही बघ, ही पोरं तर... तर तो म्हणाला, "आई, ते आम्ही बघतो."

इस्पितळात नियम होता, विचारलं तेवढंच सांगायचं. मी कठड्यावरून उठले. तो नियम मी एवढी वर्षं पाळला म्हणून मला निवृत्तीच्या वेळी घड्याळ मिळालं होतं.

घर घेतलं ते वर्तुळातलंच, शाळेच्या फाटकासमोर, बाराव्या मजल्यावर. खोल्या तीन. एक त्या दोघांची, एक ठकूची, एक सूनबाईंच्या कामाची, कारण त्यांचं ऑफिस घरातूनच चालतं आणि मीटिंगमध्ये मागे भिंत कोरी दिसावी लागते. (त्या कोऱ्या भिंतीला स्वतंत्र खोली आहे, हे लक्षात घ्या.) मी मोजून वाट बघत होते की आता माझी कुठली ते कोणी बोलेल. तेव्हा वाहवाबाईने स्वयंपाकघराच्या मागचं एक अरुंद दार उघडलं. आत कपड्यांचं मशीन, पाणी तापवायची टाकी आणि उरलेल्या जागेत एक पलंग. खिडकी नाही, वर जाळी आहे. तिने चिरंजीवांना समजावलं की ही मदतनिसाची खोली. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच वाहवा म्हणायची विसरली. चिरंजीव म्हणाले, आई, तुला स्वयंपाकघर जवळ पडेल. हे विचारणं नव्हतं आणि सांगणंही नव्हतं. मी मान हलवली. मान हलवायला जागा लागत नाही.

सूनबाई वाईट नाहीत, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी टाकीवर टाकायला एक सुरेख कापड आणलं. पण मीटिंगा संपल्यावर त्या मशीन लावतात, म्हणजे मी आडवी झाल्यावर, आणि ते शेवटी शेवटी असं उड्या मारतं की पलंग दोन बोटं पुढे सरकतो. मला आता सवय झाली आहे. कपडे मात्र स्वच्छ निघतात.

शाळेच्या पहिल्या दिवशी ठकूला गर्द लाल स्वेटर घातला, फोटो काढले, आणि आम्ही सगळे रस्ता ओलांडून फाटकाशी गेलो. राखणदाराने ठकूकडे पाहिलं, मग तिच्या मागे कोणी मोठं भावंड आहे का ते पाहिलं. मग तो अगदी सभ्यपणे म्हणाला की इथे फक्त वरचे वर्ग भरतात. लहानांची शाळा नदीपलीकडे. पत्ता त्याने हाताने दाखवला, पण मला दाखवायची गरज नव्हती. भाजीवाली, शिवणयंत्राचं दुकान, पुढच्या वळणावर. चिरंजीव म्हणाले, शाळेने हे ठळक लिहायला हवं होतं. सूनबाई म्हणाल्या, तू विचारलं असशील असं मला वाटलं. ते म्हणाले, तू विचारलं असशील असं मला वाटलं. वाहवाबाईचा फोन लागला तेव्हा तीही तेच म्हणाली. वर्तुळ खरोखरच सुबक होतं, वन्सं, नुसता मधला ठिपका चुकला होता.

करार मोडता येत नाही. शाळेची बस या इमारतीला लागू नाही, कारण शाळेच्या हिशोबाने ही इमारत शाळेसमोर आहे. चिरंजीवांना ऑफिस, सूनबाईंना कोरी भिंत. तेव्हा ठकूला घेऊन कोण जाणार, हे कोणी विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी बसचे दोन पास माझ्या उशाशी होते.

रोज सकाळी आम्ही दोन बस बदलून जातो. ठकू फाटकात शिरते, मी पुढच्या वळणावरच्या बाकावर बसते, कारण परत येऊन पुन्हा जायला माझे पायही आता तुमच्या गुडघ्याची बरोबरी करू लागले आहेत. बाक त्या खिडकीच्या अगदी समोर आहे. त्या घरात आता दुसरं कुटुंब आलं आहे. त्यांच्या आजीबाई माझ्या खिडकीत (बघा, माझ्या म्हणते) बसून लसूण सोलतात. आमची भाषा जुळत नाही, पण मान हलवण्याइतकी ओळख झाली आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी हातानेच विचारलं, तुमचं घर कुठे? मी दाखवायला हात उचलला, आणि कुठल्या दिशेला दाखवावं तेच कळेना. इतक्या लोकांना मी रस्ता सांगितला, वन्सं. मला तिथे बाकावर रडू आलं. त्यांनी खिडकीतूनच मला पाणी दिलं.

ठकू मात्र मजेत आहे. शाळेत घसरगुंडी आहे, आणि बसमध्ये ती मला तिच्या वर्गातल्या प्रत्येकाचं गुपित सांगते. एवढा एक तास मला पुरतो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. तब्येतीला जपा, जिना चढू नका. लहानांना आशीर्वाद, मोठं आता तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही.

तुमची,
वहिनी

ता. क. हे पत्र तुमच्या भाच्याला वाचून दाखवू नका. त्याला वाटेल मी तक्रार केली. मी फक्त घर कसं निवडलं ते कळवलं आहे.

ता. क. आणखी एक. तो दर रविवारी तुम्हाला फोन करतो. येत्या रविवारी त्याला एवढंच विचारा, "तुझी आई कुठे झोपते?" तुमच्या नेहमीच्या आवाजात, काही न ठरवल्यासारखं. त्याला आत्याला उत्तर द्यावंच लागतं, लहानपणापासून. काय म्हणाला ते मला कळवू नका. त्याला ते तोंडाने म्हणताना स्वतःला ऐकू येऊ दे, एवढंच.

ता. क. शेवटचं. तुमची वरची खोली कोणाला दिली नसेल तर एवढ्यात देऊ नका. मी येते असं नाही. ठकूला सोडून कुठली येणार? पण ती रिकामी आहे हे माहीत असलं की मशीन चालू असतानाही मला झोप लागेल. आणि परवा फोन तुटला नव्हता. मी ठेवला होता. पुन्हा विचारा.