वहीत फोन नंबर नव्हते

बाबा, ऐन फवारणीचे दिवस आहेत आणि आज सकाळपासून दवाखान्यात एकही पेशंट आलेला नाही. तुम्ही होता तेव्हा या दिवसांत पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. आता लोक माझ्या दारावरून ऑटोत बसून पांढरकवड्याला जातात, ज्याला तुमच्या काळात कोणी हिंग लावूनही विचारलं नसतं अशा डॉक्टरकडे. त्यांचं चुकतंय असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

मी बारावीत होते त्या वर्षीची ती बाई तुम्हाला आठवत असेल. मुकुटबनकडच्या एका खेड्यातून तिला बैलगाडीत आणलं होतं, लुगड्याला पऱ्हाटीवर फवारायच्या औषधाचा वास. मागच्या खोलीतल्या खाटेवर ती तीन दिवस होती. शुद्धीवर आल्यावर तिने तुम्हाला खरं सांगितलं, आणि मी सलाईनची बाटली धरून तिथेच उभी होते. तुम्ही बाहेर जाऊन तिच्या नवऱ्याला म्हणालात, "फवारणीच्या बकेटीतलं पाणी पेली ते चुकून. औषध घरात उघडं ठेवत नका जाऊ." संध्याकाळी स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत असताना, मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "बाबा, तुम्ही खोटं काहून बोलले?" तुम्ही हातातला घास ताटात ठेवला. "तिले त्याच घरात जा लागते. तुले नाही." एवढंच बोललात, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी अबोला धरलात.

खरं तुम्ही एका वहीत लिहून टेबलाच्या कुलपात ठेवत होता, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. नाव, गाव, काय प्यायली, काय दिलं. पुन्हा तशीच आली तर हाताशी असावं म्हणून. ती वही मी कॉम्प्युटरवर चढवली. माझा हेतू वाईट नव्हता, बाबा. फवारणीच्या दिवसांत एकेकीला फोन करून विचारावं, बाई, बरी आहेस ना, असं मनात होतं. म्हणून प्रत्येक नावापुढे मी नंबर टाकला. बायकांकडे स्वतःचा फोन कुठे असतो? घरात एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात. मी नवऱ्यांचे नंबर टाकले.

बोंडअळीच्या वर्षी फवारणीची विषबाधा झालेल्या पेशंटांची रीघ लागली. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेली, तोंडाला फेस आलेली माणसं पडवीत चटईवर पडलेली, आणि त्यातच तो फोन आला. कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय, तुमची मशीन आज बंद पडणार, पासवर्ड सांगा. पासवर्ड सांगितला गेला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत धमकी, पैसे टाका नाहीतर सगळं गेलं समजा. मी टाकले नाहीत. मला वाटलं, फार तर यादी गेली. मग त्यांनी यादीतल्या घरांत फोन लावायला सुरुवात केली.

बैलगाडीतून आणलेल्या त्या बाईच्या नवऱ्यालाही आला. बायकोने स्वतःहून घेतलं होतं, आमच्याकडे लेखी आहे, पैसे दे नाहीतर गावभर करतो. तो पैसे द्यायला गेला नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, खरं हाये काय? डॉक्टरसायबानं इतकी वर्षं मले खोटं सांगतलं?" माझी नजर टेबलाच्या कुलपाकडे गेली, आणि त्याला तेवढं पुरलं. त्याने तिला भावाकडे ढाणकीला पाठवून दिलं. पोरं ठेवून घेतली.

मी तिला भेटायला गेले. भावाच्या अंगणात ती तुरी पाखडत होती. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. "डॉक्टरसायेब गेले तवा मी लय रडली," ती म्हणाली. "मंग वाटलं, आता कोणालेच मालूम नाही. जरा हलकं बी वाटलं." सूप खाली ठेवून तिने विचारलं, "तुमी कायले लिहून ठेवलं, मॅडम? पोरगी फोनवर बी येत नाही आता." मी बसची वेळ झाली म्हणून उठले. बसला अजून तासभर होता.

आता राहिले कंपाउंडर काका. तीस वर्षं तुमच्या हाताखाली काढलेला माणूस. पासवर्ड विचारणारा तो फोन त्यांनी उचलला असं पोलीस ठाण्यातल्या कागदावर लिहिलंय, आणि गावही तेच धरून बसलंय. चौकात लोक त्यांना म्हणतात, बुढ्यानं बायाईचे संसार मोडले. ते दवाखान्यात येत नाहीत. बाबा, काका त्या वेळी एका पेशंटचे हात धरून बसले होते. फोनवर मी होते. त्या माणसाने तुमचं नाव घेतलं, मोठ्या डॉक्टरसाहेबांचा दवाखाना ना, म्हणाला, आणि मी फुशारून गेले. ठाण्यात साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या आधी काकाच बोलले, "फोन म्या उचलला. मॅडमले काही मालूम नाही." मी मान खाली घालून सही केली.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही, हे ठाऊक असूनच लिहिलं. काकांचं घर इथून चार घरं सोडून आहे. तिथे जायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.